तिच्या पहिल्या रोजाची साक्षीदार

आईची भाजीची जागा आणि माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांची केळ्यांची जागा यांच्यामध्ये काहीच नव्हतं. वर ताडपत्री एकच होती. तिची दोन टोकं त्यांच्या हातगाड्याला बांधलेली आणि दोन मागच्या बंद दुकानाच्या शटरच्या कड्यांना. त्या ताडपत्रीखाली उजवीकडं आई मेथी, शेपू, तांदळीच्या पेंड्या मांडून बसायची आणि डावीकडं केळी-लिंबं घेऊन माझ्या मैत्रिणीची अम्मी आणि नानी बसायच्या. मैत्रीण तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून तिची अम्मी माहेरीच राहत होती. आम्ही दोघी एका वयाच्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेत पाचवीत एकाच बाकावर. रविवारी लक्ष्मीपुरीतला बाजार भरला की उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत आमचं घर तेच.

त्या वर्षांत रमजान पावसाळ्यात यायचा. आषाढाची झड लागलेली असायची. ताडपत्रीत पाणी साठून तिचं पोट खाली लोंबायला लागलं की आम्ही दोघी बांबूनं ते खालून वर ढकलायचो. ढकलण्याआधी ‘पाणीऽऽ’ म्हणून ओरडायचं असा नियम होता, पण समोरून ओळखीचं कुणी छत्रीशिवाय येत असलं की आमचा आवाज नेमका बसायचा. एरवी आम्ही केळीच्या खोडाचं वाळकं सोपट फाडून त्याच्या दोऱ्या करायचो आणि त्या दोऱ्यांनी आईच्या कोथिंबिरीच्या पेंड्या बांधायचो. सोपट त्यांचं, कोथिंबीर आमची. मोठी माणसं त्याला काम म्हणायची. आम्हाला ते तसं कधी वाटलं नाही.

पोरं पुष्कळ होती बाजारात. मेंदीच्या कोनांचा ट्रे गळ्यात अडकवून फिरणारी एक पोरगी होती. ईदच्या आधीच्या आठवड्यात तिला आमच्याशी बोलायची फुरसत नसायची आणि ती आम्हाला गिऱ्हाइकासारखी ‘बाजूला व्हा की’ म्हणायची. अंडीवाल्या बाईची जुळी पोरं दुपारी अंड्यांच्या रिकाम्या ट्रेवर गाल टेकून झोपायची, उठली की गालांवर ट्रेचे गोल उमटलेले असायचे. रमजानात दुपारी दोन-तीनला अर्धा बाजार उपाशी असायचा आणि सगळ्यांचीच डोकी तापलेली असायची. तेव्हा पोरांनी हातगाड्याखाली पोत्यावर गुपचूप पडून राहायचं. चारनंतर मात्र झुंबड उडायची. खजुराचे ढीग, शेवयांचे बिंडे, चारोळी, टोप्या, बांगड्या. ईद कुणाची आणि कुणाची नाही, हा हिशेब पोरांमध्ये नव्हता. नवे कपडे कुणाला येणार आणि कुणाला नाही, एवढाच होता.

त्या वर्षी सत्ताविसावा रोजा रविवारी येत होता. तो मोठा मानाचा. त्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं पहिला रोजा धरायचा, असं नानीनं ठरवलं. लहान मुलानं पहिल्यांदा रोजा धरला की घरी मोठा सोहळा होतो. नवे कपडे, फुलांचा हार, पाहुणे. पण ईदच्या आधीचा रविवारचा बाजार बुडवणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून सोहळा बाजारातच करायचं ठरलं. संध्याकाळी ताडपत्रीखाली सगळ्यांनी बसायचं, तिचा मामा हार घेऊन येणार, फोटो काढणार आणि तो पेपरात देणार. आमच्याकडच्या पेपरांत असे फोटो येतात, पहिला रोजा धरलेल्या मुलांचे. तिचा फोटो सोमवारी येणार होता, हे ती मला आठवडाभर रोज सांगत होती.

शनिवारी शाळेतून येताना ती म्हणाली, “तू पण धर की. दोघी मिळून धरूया.”

“मला चालतंय व्हय?”

“आईसंगं संकष्टी धरतीस की. तसंच.”

मी धरला. घरी कुणालाच सांगितलं नाही. ती पहाटे उठून सहेरीला पोटभर जेवली होती, मला ते कुठं माहीत? मी रात्रीच्या आमटी-भातावरच होते. सकाळी चहा घेतला नाही, आईच्या लक्षात आलं नाही. दहा वाजेपर्यंत मोठी मजा वाटली. आम्ही एकमेकींना जीभ काढून दाखवत होतो, कुणाची जास्त कोरडी आहे ते बघायला.

बाराच्या सुमाराला आईनं भाकरीचं फडकं सोडलं. मी भूक नाही म्हटलं. आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तेव्हा मैत्रीणच अभिमानानं म्हणाली, “मावशी, हिनं पण रोजा धरलाय.”

“डोकं फिरलंय काय तुझं?” आई मला म्हणाली. “सकाळपास्नं पोटात काय न्हाय? चक्कर येऊन पडशील कुठल्यातरी गाडीखाली.” आणि अर्धी भाकरी ठेच्यासकट माझ्या हातात कोंबली. मी मैत्रिणीकडं पाठ करून खाल्ली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी होतं, तिसऱ्या-चौथ्याला नव्हतं. मग उरलेली अर्धीही मागून घेतली. भाकरी फार छान लागत होती, आणि छान लागतेय याचाच राग येत होता.

दुपारनंतर बाजारभर बातमी पसरली, की केळीवालीच्या नातीचा पहिला रोजा आहे. जो तो येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून जाऊ लागला. चहावाल्यानं किटली लांबूनच नेली, तिला वास नको म्हणून. अंडीवाली म्हणाली, “केवढीशी हाय, आणि बघा की.” पलीकडच्या बांगडीवाल्या बाईनं तिला बोलावून दोन्ही हातांत हिरव्या-सोनेरी बांगड्या भरल्या. मी तिच्या शेजारीच उभी होते. मी आपला हात पुढं केला. काही मागायचं असं मनात नव्हतं, तिचे भरून झाले की माझे, एवढंच. बांगडीवालीनं माझा हात बाजूला केला आणि हसून म्हणाली, “तुझं काय गं आज? तू तर भाकरी चापलीस. बघितलं की मी.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. आईही हसली. त्यात वाईट काही नव्हतं, आता कळतं. तेव्हा मला वाटलं, सगळा बाजार माझ्या तोंडातली भाकरी बघतोय.

पाचच्या सुमाराला नमाजाआधी हातपाय धुवायला ती सार्वजनिक नळावर निघाली. एरवी घरात ती हे सगळं खेळल्यासारखं करायची, आज मन लावून करणार होती. नानीनं बजावलं, “चूळ हळू भर. पाणी घशापर्यंत नेऊ नको.” मी सोबत गेले. नळावर तिनं बांगड्या उतरवून माझ्याकडं दिल्या. मी त्या माझ्या हातात चढवल्या. मला घट्ट होत होत्या, पण चढल्या. ती हात धूत होती, चूळ भरत होती, तोंड धूत होती, तेव्हा मी तिच्याकडं बघतच नव्हते. मनगट इकडून तिकडं फिरवून बांगड्या बघत होते. पाऊस थांबून जरा उजेड आला होता आणि त्या सोनेरी रेघा चमकत होत्या.

“दे की,” ती ओला हात पुढं करून म्हणाली. मी दिल्या. उतरवताना एक पिचली. तिनं ती तशीच बाकीच्यांबरोबर हातात चढवली.

आम्ही परत आलो. नानी लिंबं पुसून रचत होती. तिनं विचारलं, “झालं का नीट?”

मैत्रिणीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “नानी, हिनं पाणी पिलं.”

हे मी आधी ठरवलं नव्हतं. नळापासून ताडपत्रीपर्यंत येताना माझ्या डोक्यात असं काही नव्हतं, किंवा होतं तर मला ते माहीत नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि मग मागं घेता येईना.

“न्हाय नानी,” ती म्हणाली, “मी चूळ भरलो फकस्त.” आमच्याकडं पोरीसुद्धा आलो-गेलोच म्हणतात.

“पिलं,” मी म्हणाले. “मी बघितलो. गळा हलला तिचा.”

गळा हलला, हे मला कुठून सुचलं कुणास ठाऊक. मी नुसतं ‘पिलं’ म्हणाले असते तर कदाचित कुणी मनावर घेतलं नसतं. पण दहा वर्षांची पोर गळा हलला असं सांगते म्हटल्यावर तिनं ते बघितलंच असणार.

नानीनं हातातलं लिंबू खाली ठेवलं. रागावली नाही. तिला जवळ घेऊन हळूच म्हणाली, “भुलून पिलीस काय बेटा? भुलून पिलं तर रोजा तुटत न्हाय. अल्लाला कळतंय.”

“मी पिलोच न्हाय.”

“मग ही कशाला सांगंल?”

मैत्रीण माझ्याकडं बघायला लागली. मी आईच्या पेंड्यांवर पाणी शिंपडायला लागले, पावसात भिजलेल्या पेंड्यांवर. तिची अम्मी दिवसभर उपाशीपोटी गिऱ्हाइकांशी भांडून थकली होती. ती म्हणाली, “खरं सांग.” पोर पुन्हा नाही म्हणाली तेव्हा अम्मीनं तिला एक चापट मारली, फार जोरात नाही. ती रडायला लागली. रडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हणजे पिलंच. अंडीवाली म्हणाली, “जाऊ द्या ओ, लेकरू हाय, तहान लागली असंल.” सगळ्या हसल्या, मायेनंच हसल्या. आईही म्हणाली, “आमचीनं तर भाकरी हाणली, तुमचीनं पाणीच पिलं की.” आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

दिवस मावळायच्या आत मामा हार घेऊन आला. निशिगंधाचा हार, मध्ये गुलाब. ताडपत्रीखाली वर्तमानपत्रं पसरली, त्यावर केळी, कलिंगडाच्या फोडी, भजी, खजूर. मामाला कुणीतरी सांगितलं असणार, कारण त्यानं तिला चिडवल्यासारखं विचारलं, “काय गं, रोजा हाय का गेला?” नानीनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि हार तिच्या गळ्यात घातला. तिनं तो घालू दिला. मामानं फोटोसाठी मोबाईल वर धरला तेव्हा मात्र तिनं तोंड नानीच्या पदरात खुपसलं. मामा दोनदा-तीनदा म्हणाला, मग, “राहू दे, ईदला काढू” म्हणून मोबाईल खिशात ठेवला. तिनं हार काढून हातगाड्याच्या दांड्याला अडकवला.

अजान झाली. तिच्या अम्मीनं पहिला खजूर लेकीला दिला आणि दुसरा मला. “अर्धा दिवस तरी धरलास की तू,” ती म्हणाली. मी तो खजूर खाल्ला. समोर ती खजूर तशीच हातात धरून बसली होती. नानी म्हणाली, “खा,” तेव्हा तिनं खाल्ला.

फोटो काढलाच नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या गाड्यावर पेपर बघायला गेले. दोन मुलांचे फोटो होते, ती नव्हती. मला हायसं वाटलं, असं लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. फोटो आला असता तर तो बघून मला आयुष्यभर खाली बघावं लागलं असतं, असं काहीतरी मी मनाशी जुळवलं होतं.

ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला, नेहमीसारखा. तिची अम्मी स्वतः द्यायला आली होती. मैत्रीण आली नव्हती. आईनं वाटीत वाढून दिला. मला वाटलं घशाखाली उतरणार नाही. उतरला. मी वाटी चाटून पुसून खाल्ली.

आमची मैत्री तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं. पंधरा दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली, मग पुन्हा आम्ही सोपट फाडायला लागलो, पाणी ढकलायला लागलो. तिनं मला कधीच विचारलं नाही, तू असं का सांगितलंस म्हणून. मी वाट बघत होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

पुढच्या रमजानात तिनं पाच-सहा रोजे धरले. तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. ती सारखी थुंकत होती. ताडपत्रीच्या कडेला जाऊन, गटारीच्या तोंडाशी जाऊन, दर दोन मिनिटांनी. ओठ फुटले होते तिचे. नानी म्हणायची, “अगं, स्वतःची थुंकी गिळली तर काय हुत न्हाय.” ती मान हलवायची आणि पुन्हा उठायची. नळावर ती एकटी जायची नाही. नानीला हाताला धरून न्यायची, चूळ भरून वाकून टाकायची आणि विचारायची, “नानी, बघ हं. गिळलं का मी?” नानी म्हणायची, “न्हाय गं बाई.” मग दुसरी चूळ. पुन्हा, “बघ हं.”

मी तिथून पाच हातांवर, नळावर धुवायला आणलेल्या आईच्या पेंड्या मोजत होते.

त्यापुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. एकदा नळावर नानी नव्हती तर तिनं मला बोलावलं. “तू बघ,” म्हणाली. मी म्हणाले, आई हाका मारतीय, आणि पळाले. तिनं साक्षीला मलाच बोलवावं, हे मला कळेना. आता वाटतं, मी खरं बघते असा तिचा माझ्यावर विश्वास होता.

आठवीनंतर मला मावशीकडं जयसिंगपूरला शिकायला ठेवलं. तिनं आठवीतच शाळा सोडली. मी बारावी करून रक्त तपासणीचा कोर्स केला, परत येऊन राजारामपुरीत एका लॅबमध्ये कामाला लागले. तिचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, तेही जयसिंगपूरलाच. एक मुलगी झाली. मध्ये एका हिवाळ्यात नानी गेली. मी मातीला गेले होते. बायकांमध्ये मैत्रिणीच्या शेजारी बसले, तिचा हात हातात धरला, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तेव्हाही मी काही बोलले नाही. अशा वेळी आपलं कुठं काढायचं, असं म्हणून.

गेल्या वर्षी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ती माहेरी आली होती. रविवारी दुपारी लॅबमधून लवकर सुटून मी बाजारात गेले. ताडपत्री आता निळी आहे, बाकी तेच. आई म्हणाली, “ती नळावर गेली बघ.” मी गेले. ती नळापाशी उकिडवी बसली होती आणि समोर तिची चार वर्षांची पोर उभी होती. तिनं चूळ भरली, पुढं झुकून टाकली आणि पोरीला विचारलं, “बघ गं, मम्मीनं गिळलं का?”

पोरीनं तिच्या गळ्याला बोट लावून बघितलं. “न्हाय गिळलं,” ती म्हणाली. पोरीच्या दृष्टीनं तो खेळ होता. हसत होती ती.

मी तिला न भेटताच परत फिरले. आईला म्हणाले, लॅबमधून फोन आलाय.

ईद आठवड्यावर होती. ते सगळे दिवस मी मनात वाक्यं जुळवत होते. ईदच्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांच्या घरी गेले. बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत त्यांच्या. बाहेरच्या खोलीत मामा, मामी, अम्मी आणि दोन-तीन पाहुणे बसले होते. ती आत गॅसपाशी वाट्या भरत होती. मी आत गेले. गळाभेट झाली. तिनं माझ्यासाठी वाटी भरायला घेतली.

“मला तुला काहीतरी सांगायचंय,” मी म्हणाले. “तुझा पहिला रोजा होता बघ. बाजारात. मी नानीला सांगितलो, तू पाणी पिलीस म्हणून.”

“व्हय,” ती म्हणाली. काजूचे काप वर टाकत होती.

“ते खोटं होतं.”

तिचा हात थांबला. वर बघितलं नाही तिनं. “तू तर म्हणालीस, गळा हलला.”

“मी बघतच न्हवतो. तुझ्या बांगड्या घालून बघत होतो.”

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. आत गॅसचा आवाज येत होता. तिनं गॅस बंद केला.

“म्हणजे एक घोटपण न्हाय गेला?” तिनं विचारलं. एवढ्या आशेनं विचारलं, की मी तिथंच हो म्हणायला हवं होतं. पण मला आणखी एक खोटं बोलवेना.

“मला म्हाईत न्हाय गं. मी बघितलंच न्हाय. ते तुझं तुलाच म्हाईत.”

“मला कुठं म्हाईत हाय?” ती म्हणाली. “तवा म्हाईत होतं. तू म्हणालीस, त्याच्यानंतर म्हाईत न्हाय.”

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला, रागानं नाही, ओट्यावरची वाटी कलंडत होती ती सावरायला. मग तिनं मला न माहीत असलेली गोष्ट सांगितली. त्या ईदनंतर नानीनं तिच्याकडून आणखी एक रोजा धरून घेतला होता. ईदनंतरचे सहा रोजे नानी दरवर्षी धरायची, त्यातल्या एका दिवशी. कुणाला सांगितलं नाही, मामाला नाही, अम्मीला नाही. शाळा बुडवली, घरात दोघीच. नानी दिवसभर तिच्यासमोर बसून होती. जपमाळ ओढत, तिच्याकडं बघत. संध्याकाळी म्हणाली, आता मी साक्षीला आहे, आता तुझा रोजा कुणी काढून घेणार नाही.

“मी तिला सारखं सांगत होतो, नानी, मी खरंच न्हाय पिलो,” ती म्हणाली. “ती म्हणायची, असू दे, असू दे. तिला खरं वाटलंच न्हाय शेवटपर्यंत. मला आत्ता सांगून काय करू मी? नानीला सांगायचं होतंस.”

मी माफ कर म्हणाले. ते शब्द मी आठवडाभर घोकले होते आणि ते त्या छोट्या खोलीत फार हलके वाटले.

तिनं डोळे पुसले. वाट्या ट्रेमध्ये ठेवल्या, ट्रे उचलला आणि म्हणाली, “मला एकटीला नको सांगू. तवा सगळ्यांसमोर सांगितलीस न्हवं? चल. भाईर सगळे बसलेत.”

मी तिच्या मागोमाग बाहेर गेले. ती ट्रे घेऊन मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, “हिला काहीतरी सांगायचंय.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं. तिच्या पहिल्या रोजाच्या दिवशी मी खोटं बोलले, तिला पाणी पिताना मी बघितलं नव्हतं. मी बोलत असताना एक पाहुणी मायेनं मला बसायला सतरंजी सरकवून देत होती.

“कुठलं पाणी?” मामा म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. ताडपत्रीखाली, तुम्ही हार आणला होता, फोटो काढणार होता.

“फोटो? काढला की आपण फोटो. न्हाय?” तो मामीकडं बघून म्हणाला. मग त्याला हसू आलं. “अगं, पोरं होता तुम्ही. आणि एवढं मनात धरून बसलीस? बस, बस. खा.” मामी हसली, पाहुणे हसले. कुणीतरी म्हणालं, चांगल्या मनाची पोरगी आहे. विषय संपला. मामानं पाहुण्यांना कलिंगडाच्या भावाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली.

माझी मैत्रीण हसली नाही. ती ट्रे धरून तशीच उभी होती. कोपऱ्यात बसलेली तिची अम्मीही हसली नाही. ती उठली, लेकीच्या हातातला ट्रे घेतला, खाली ठेवला. “मी चापट मारलेली,” ती हळू म्हणाली, लेकीला की स्वतःला कळलं नाही. अम्मीनं तिच्या गालाला हात लावला, तिनं लावू दिला, आणि मग दोघी आत गेल्या.

मी वाटी संपवली. न संपवता उठणं बरं दिसलं नसतं. निघताना आत डोकावून, येते म्हणाले. ती पाठमोरी होती. “आज तुझ्याशी बोलायला मला बरं वाटंना,” ती म्हणाली. “नंतर बोलू.”

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. तिनं शेंगा निवडायचं थांबवलं. “मी पण हसलो होतो गं तिला,” ती म्हणाली. पुढच्या रविवारी ती बाजारात गेल्या गेल्या ताडपत्रीच्या पलीकडं जाऊन बसली. मैत्रिणीच्या अम्मीशी काय बोलली ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मैत्रीण ईदनंतर तीन दिवसांनी सासरी गेली. मी फोन केला तेव्हा, “कामात हाय, करतो नंतर,” म्हणाली. आठ-दहा दिवसांनी तिनं खरंच केला. पोरीला ताप येत होता, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. रिपोर्टमधले आकडे तिनं एकेक करून वाचून दाखवले आणि मी सांगितलं की घाबरायचं काही नाही, पोरीला पातळ काहीतरी देत राहा. तिनं विचारलं, नक्की ना. मी नक्की म्हणाले. तिनं फोन ठेवला.

त्यानंतर आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी बोलतो. पोरीच्या शाळेचं, आईच्या गुडघ्यांचं, लॅबमधल्या गर्दीचं. ईदच्या दिवसाचं तिनं काही काढलेलं नाही, आणि आता ते काढायचा हक्क तिचा आहे, माझा नाही.